तुरळक ठिकाणी

बेलापूरला, सातव्या मजल्यावर,
इंग्रजीत आलेलं वादळ मी मराठीत आणतो.
अकरा वर्षं झाली.
शब्द मोजकेच लागतात:
शक्यता, सोसाट्याचा, खवळलेला,
मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.
आणि माझा सगळ्यात भरवशाचा,
तुरळक ठिकाणी.
त्यात कुणाचंच गाव नसतं,
म्हणून तो कधी चुकत नाही.

मागच्या वर्षीचं वादळ ओमानकडे वळलं.
चार दिवस दिवाळ्याच्या बोटी काठावर,
पेट्यांतल्या बर्फाचं पाणी झालं,
आणि जेट्टीवरच्या पोरांनी
माझ्या इशाऱ्याच्या कागदाची होडी करून
खाडीत सोडली.
होडी तरंगली चांगली.

यंदा कार्तिकातलं मात्र वळलं नाही.
पाच दिवस आधी दिसलं ते,
पडद्यावर पांढरी भाकर,
मधोमध करपल्याचा ठिपका.
म्हटलं त्या रात्री आलं,
म्हटलं तिथेच,
फक्त एकोणचाळीस किलोमीटर उत्तरेला.
ही चूक लहान आहे. खरंच लहान आहे.
पूर्वी दोनशेची व्हायची.
साहेबांनी पेढे मागवले.
तक्त्यावर आमची रेघ आणि वादळाची रेघ
नव्या जोडप्यासारखी
अंग चोरत शेजारी शेजारी चालत होती.
मीही एक पेढा खाल्ला.

मोरबेट पूर्व-पश्चिम सातशे पावलं.
तेवीस घरं, एक विहीर, एक टॉवर.
आमच्या चुकीत
तशी सत्तर बेटं ओळीनं मावतील.
नकाशावर बोट ठेवलं
की ते बोटाखाली जातं.

नवव्या दिवशी गेलो,
पंचनामावाल्यांच्या होडीत एक जागा होती म्हणून.
तिवरांवर पत्रे अडकलेले,
विहिरीत खारं पाणी आणि एक प्लास्टिकची खुर्ची.
धाकूबाई तांडेल चुलीपाशी जाळं उसवत होती,
फाटलेलं जाळं आधी उसवावं लागतं, म्हणाली,
मग विणायचं.
मी कोण ते सांगितलं.
वाटलं, आता शिव्या.

"तुमी बरोबर सांगलंव," ती म्हणाली.
"एकोनीस फोन एकदम वाजले.
सगली आमी जेट्टीवर, पोरं कडेवर,
पोशा कोंबड्याही घेऊन आला.
पन लाँच कोन पाठवनार व्हता?"
पंचनामावाले विहीर मोजू लागले.
पोशा तिचा दीर.
परत बोट बांधायला गेला.
तक्त्यात तो आहे:
जीवितहानी, एक.

मग तिनं फोन पुढे केला.
काचेला तडा, तड्यामागे माझंच वाक्य,
अनुस्वारासकट.
"ह्यो येक शब्द मना समाजला नाय.
तुरलक ठिकानी
म्हंजे कंच्या गावान?"

सातव्या मजल्यावर याचं उत्तर आहे.
शेकडा पंचवीसपेक्षा कमी केंद्रांवर, वगैरे.
मी तिच्या चुलीकडे पाहिलं,
छत नव्हतं, धूर सरळ वर जात होता.
"इथे," म्हणालो.
ती हसली नाही. मान हलवली,
भाव पटल्यासारखी.

निघताना मागून हाक आली,
"ए हवामान!
उद्या जवला वालत घालू काय?
तेवरा सांग."
ना पडदा, ना तक्ता.
मी कुणीही पाहतं तसं वर पाहिलं,
मग पाण्याकडे, मग उगाच हाताकडे.
"घाला," म्हणालो.
बहुतेक नाही, शक्यता नाही, नुसतं घाला.

रात्री नेरुळला, सेक्टर सोळा,
आभाळ स्वच्छ होतं.
केंद्राचंही तेच म्हणणं होतं.
तरी तीनदा उठून
खिडकीबाहेर हात काढून पाहिला.